इग्नोरन्स म्हणजे नेमकं काय? आणि आमची आत्या ‘अज्ञान’ कशी?

मृणाल_मांजलपूर

नमस्कार मंडळी. बडोद्यातच जन्मले, वाढले, त्यामुळे माझ्या मराठीत मध्येच गुजराती डोकावेल. सांभाळून घ्या.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्या साहेबांनी भरूचकडच्या एका पुरवठादाराला इंग्रजीत मेल धाडला. सांगायचं होतं एवढंच, की तुम्ही आमच्या पत्रांकडे लक्ष दिलं नाहीत म्हणून माल अडकला. पण मेलमध्ये शब्द पडला ‘ड्यू टू युअर इग्नोरन्स’. पुरवठादार वयस्कर गृहस्थ. त्यांचा फोन साहेबांना नाही, मला आला. ‘बेन, चालीस वरसथी धंधो करूं छूं, ने हवे मने अभण कहो छो?’ अभण म्हणजे अडाणी. आवाज थरथरत होता. साहेबांना सांगितलं तर त्यांना कळेचना, माणूस चिडला कशाला. ‘इग्नोर केलं त्यांनी, मग इग्नोरन्सच ना?’

हे चालू असतानाच गावाकडच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढला. आजोबांची थोडी जमीन नगर जिल्ह्यात आहे. उताऱ्यावर आत्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि जुन्या फेरफारात चक्क ‘अज्ञान’. आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, वय पंच्याहत्तरच्या पुढे. माझा मुलगा गुजराती माध्यमात शिकलाय. तो म्हणाला, ‘मम्मी, आत्याआजी अज्ञान एटले?’ आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘सरकारला माझ्याबद्दल आधीपासूनच शंका दिसते.’

तर दोन प्रश्न. इग्नोरन्सला मराठीत कधी अज्ञान म्हणायचं, कधी अडाणीपणा, कधी अनभिज्ञता आणि कधी दुर्लक्ष? आणि कागदावर लहान मुलाला अज्ञान का म्हणतात?


कमाटीबाग_कट्टा

साहेबांना म्हणावं, इग्नोर मारा.


चौथा_तास

मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा मेल मला वेगवेगळ्या अवतारांत दर महिन्याला दिसतो. साहेबांचा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण इंग्रजीत या दोन शब्दांच्या वाटा कधीच वेगळ्या झाल्यात. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाचा अर्थच ‘ठाऊक नसणे’. फ्रेंचमध्ये आजही ‘जिन्योर’ म्हणजे मला माहीत नाही. त्यात दुर्लक्ष असेलच असं नाही. इंग्रजीतलं ‘इग्नोर’सुद्धा आधी तसंच होतं. मुद्दाम काणाडोळा करणे हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला आणि मग जुन्या अर्थाला जागाच उरली नाही. नाम मात्र जुन्याच घरी राहिलं. म्हणून इग्नोर करणं ही कृती आणि इग्नोरन्स ही स्थिती. कृतीसाठी त्यांच्याकडे निग्लेक्ट आहे, डिसरिगार्ड आहे.

पुरवठादार काका चिडले ते रास्तच, आणि त्यामागे व्याकरण आहे. ‘अमुक गोष्टीबद्दल इग्नरंट होतो’ असं म्हटलं की कोणालाच टोचत नाही. एक नियम माहीत नव्हता, संपलं. ‘गोष्ट’ काढून टाका आणि नुसतं ‘तुम्ही इग्नरंट’ म्हणा, की तो माणसावरचा शिक्का होतो. मराठीतही तेच आहे. ‘त्याची मला कल्पना नव्हती’ आणि ‘तू अडाणी आहेस’ यांत जेवढं अंतर, तेवढं.

मेलमध्ये लिहायला हवं होतं ‘आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे’. मुलांना मी सांगते, रागाच्या वाक्यात भाववाचक नाम घालू नका, क्रियापद घाला. भांडण निम्म्यावर येतं.

जाता जाता गंमत. इग्नोरामस म्हणजे मूर्ख, हे आपण शाळेत शिकलो. मुळात तो शब्द म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वाक्य आहे: ‘आम्हांस ठाऊक नाही.’ इंग्लंडात ग्रँड ज्युरीला, म्हणजे खटला चालवायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांना, पुरावा अपुरा वाटला की आरोपपत्राच्या पाठीवर हे लिहायचे. १६१५ साली केंब्रिजात त्याच नावाचं, वकिलाची टर उडवणारं नाटक झालं आणि प्रामाणिक कबुलीची शिवी झाली.


मृणाल_मांजलपूर

ताई, हे मी साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी माफीचा मेल तयार केला. त्यात लिहिलंय, ‘वुई रिग्रेट युअर इनोसन्स’. पाठवायच्या आत पकडला.


कमाटीबाग_कट्टा

साहेब रत्न आहेत. सांभाळून ठेवा.


वकीलकाका_रावपुरा

मृणाल, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. आयुष्य न्यायमंदिराच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेलं, वडील सोलापूरकडचे, त्यामुळे दोन्हीकडची कागदपत्रं पाहिली आहेत.

मराठी कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षं पुरी न झालेला. त्याच्या उलट ‘सज्ञान’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आत्या लहान असताना वारस म्हणून तिचं नाव लागलं, तेव्हा पालनकर्ती म्हणून आजीचं नाव सोबत लागलं असणार. गुजरातच्या सातबारावर याच जागी ‘सगीर’ आणि ‘वाली’ दिसेल. सगीर मूळ अरबी, अर्थ लहान. मराठी वर्तमानपत्रं ‘अल्पवयीन’ लिहितात. महसूल खातं मात्र अज्ञानाला धरून बसलंय.

यात अक्कल नसण्याचा आरोप नाही. कायदा म्हणतो, या वयाच्या माणसाला आपल्या व्यवहाराची जाण आहे असं आम्ही धरणार नाही, म्हणून त्याला सांभाळणार. मुलगा गणितात पहिला आला तरी अठरापर्यंत अज्ञान. आणि अठरा पुरी झाली की दुसऱ्या दिवशी सज्ञान, मग अक्कल येवो न येवो. १८७५ च्या सज्ञानता कायद्यात ही अठराची रेघ आहे. कोर्टानं पालक नेमला असेल तर एकवीस लागत. ती तरतूद १९९९ मध्ये गेली. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टानं, १९०३ साली मोहरीबिबीच्या खटल्यात सांगितलं. अज्ञान मुलाची स्वतःची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकानं कोर्टाच्या परवानगीविना विकली, तर मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागता येतो. म्हणजे हा शब्द अपमान नाही, चिलखत आहे.

आत्या अठराची झाली तेव्हाच कायद्यानं सज्ञान झाली. कागदावरचा शेरा मात्र कोणी अर्ज केल्याशिवाय जात नाही. आता महाराष्ट्रात ई-हक्क प्रणालीतून ‘अ.पा.क. शेरा कमी करणे’ असा अर्ज घरबसल्या करता येतो. जन्मतारखेचा पुरावा जोडा, शाळा सोडल्याचा दाखला चालतो. मग फेरफार पडेल, नोटीस निघेल, मंडळ अधिकारी मंजूर करतील. करून टाका, पुढे जमीन विकायची वेळ आली की हाच शेरा आडवा येतो.


इंदुरी_पोहे

इंदूरहून. आमच्याकडे कागदावर नाबालिग लिहितात, त्यामुळे ही भानगड नाही. पण महाराष्ट्रातल्या एका वारसाच्या कागदाचा हिंदी तर्जुमा करून घेतला होता, त्यात ‘अज्ञानी पुत्र’ असं आलं. मोठा भाऊ अजून त्यावरून चिडवतो.


शब्दवेडा_पुणे

धागा छान चाललाय. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. अज्ञान आणि इग्नोरन्स एकमेकांचे भाषांतर नाहीत, सख्खी नात्यातली माणसं आहेत. संस्कृत ‘ज्ञा’, ग्रीक ‘ग्नो’, लॅटिन ‘ग्नो’, इंग्रजी ‘नो’ ही सगळी एकाच धातूची पिल्लं. इंग्रजी ‘नो’ लिहिताना सुरुवातीला जो मुका ‘क’ येतो, तो त्या जुन्या ‘ग’चाच अवशेष. नकाराचं अक्षरही एकाच मुळाचं: आपला ‘अ’, लॅटिनचा ‘इन’, इंग्रजीचा ‘अन’.

आणि हे पुण्यात बसून ऐकू येत नाही. आम्ही ज्ञ चा ‘द्न्य’ करतो, हिंदीवाले ‘ग्य’ करतात. मृणालताई, तुमचा मुलगा गुजरातीत अज्ञान कसं म्हणतो ते ऐका. ‘अग्नान’. आता इग्नोरन्स शेजारी ठेवून बघा.


मृणाल_मांजलपूर

हे भारीच! त्याला दोन्ही शब्द पाठोपाठ म्हणायला लावले. आता घरभर ‘अग्नान-इग्नोरन्स’ ओरडत फिरतोय.


नर्मदातीर

सर्व प्रतिसाद वाचले. इंग्रजीच्या वाटेनं गेल्यामुळे मूळ विषय उथळ पाण्यात राहिला आहे असे नम्रपणे वाटते.

‘माहीत नसणे’ म्हणजे अज्ञान, ही व्याख्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, पुरेल. ते अज्ञानाला ज्ञानाचा अभाव मानतात. घट नाही, तसे ज्ञान नाही. वेदान्ताला हे मान्य नाही. सदानंदांनी वेदान्तसारात अज्ञानाला ‘भावरूप’ म्हटले आहे, म्हणजे ते नुसती रिकामी जागा नव्हे; ते काहीतरी आहे, आणि ते काम करते. त्याची दोन कामे. आवरण, म्हणजे असलेले झाकणे. विक्षेप, म्हणजे नसलेले उभे करणे. दोरी दिसत नाही हे आवरण. साप दिसतो हा विक्षेप. माणूस घाबरून पळतो तो दोरी न दिसल्यामुळे नव्हे, साप दिसल्यामुळे.

ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या अध्यायात काय केले पाहा. गीतेत ज्ञानाची लक्षणे सांगून झाल्यावर अज्ञानाला जेमतेम अर्धी ओळ मिळते: ‘अज्ञानं यदतोऽन्यथा’, याहून वेगळे ते अज्ञान. माउलींनी तेवढ्या चार शब्दांवर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या आणि अज्ञानी माणूस चालताबोलता उभा केला. ज्याचा अभाव आहे त्याचे एवढे वर्णन कसे होईल? आणि पुढे अमृतानुभवात सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे, तिथे मात्र अज्ञान नावाची वस्तूच सिद्ध होत नाही असे ते मांडतात. या दोन टोकांमध्ये विचार करायला जन्म पुरणार नाही. ‘अविद्या’ हा शब्द या अर्थाने समजून घ्यावा. शाळेत न गेलेल्याला अविद्येत लोटणे हा शब्दावर अन्याय आहे.


असूडवाचक

नर्मदातीरकाका, शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मान्य. शेवटच्या वाक्याला कडाडून विरोध.

‘विद्येविना मती गेली’ पासून ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ पर्यंत, या ओळी महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ आहेत. जोतीरावांनी अविद्या हा तुमचाच शब्द घेतला. गुहेत बसलेल्या साधकाच्या अंगावरून काढला आणि शेतकऱ्याच्या खळ्यात आणून ठेवला. सावकार कर्जखतावर काय लिहून घेतो ते वाचता येत नाही, सरकारी कामगार काय नोंदवतो ते कळत नाही, आणि मग बैल जातो, रान जातं. ही अविद्या. ती माया नाही, तिची किंमत रुपयांत मोजता येते. तो शब्दावर अन्याय नव्हता. तो शब्द पहिल्यांदा कामाला लागला.

आणि हे बडोद्यात बसून विसरू नका. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्याच्या उपोद्घातात जोतीरावांनी लिहून ठेवलंय, की सयाजीराव महाराजांनी वेळ काढून हे पुस्तक त्यांच्याकडून वाचवून घेऊन ऐकलं. महाराज तेव्हा विशीत होते.


नर्मदातीर

जोतीरावांबद्दल आदर आहेच. परंतु निरक्षरता आणि अविद्या एक नव्हेत. पढतमूर्खाची लक्षणे समर्थांनी दासबोधात स्वतंत्र समासात दिली आहेत. साक्षर होऊन अविद्या जात असती तर आज कोणी तिचे नावही काढले नसते. मोबाईलवर फिरणारे संदेश पाठवणारे सगळे साक्षरच असतात.


असूडवाचक

ते फॉरवर्ड हा विक्षेप, कबूल. पण खत वाचता न येणं हे आवरणच ना? मग तुमच्याच हिशेबानं जोतीरावांचा शब्द बरोबर बसतो.


नर्मदातीर

बसतो. अर्धा.


कमाटीबाग_कट्टा

अर्धा दिला! काकांनी अर्धा दिला! पॉपकॉर्न आणतो.


सुरसागर_काठ

महाराजांचा विषय निघालाच आहे, तर वकीलकाकांच्या ‘अज्ञान’ला एक बडोद्याची पुरवणी.

१८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं तेव्हा सयाजीराव बारा वर्षांचे, नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा. अक्षरओळख नव्हती. म्हणजे इथं चर्चेत आलेल्या दोन्ही अर्थांनी गादीवर अज्ञान बसलं होतं: वयानं आणि लिहिण्यावाचण्यानं. कारभार दिवाण टी. माधवरावांनी पाहिला आणि मुलाला शिकवायला एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले. १८८१ च्या डिसेंबरात अधिकार हाती आले.

मला यात वेगळंच दिसतं. आपण ज्याला अज्ञान म्हणतो ती अवस्था या माणसाला जिती आठवत होती. बाकी बहुतेक संस्थानिक राजवाड्यातच शिकत मोठे झाले. यांना बारा वर्षांचं वय आठवत होतं, जेव्हा समोरचा कागद म्हणजे नुसत्या काळ्या रेघा. पुढं १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सबंध राज्याला लावलं, मुलींनाही. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालयं उभी केली, जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. दंडाबद्दल तेव्हाही कुरकुर झाली असणार. शेतावरचा हात जातो, वर दंड भरायचा.

आणि शब्दप्रेमींसाठी: १९३१ मध्ये बडोद्यानं ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द एका ओळीत. मृणालच्या साहेबांच्या टेबलावर एक ठेवायला हवा.


शब्दवेडा_पुणे

दंडवत. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.


मावशी_दांडियाबाजार

तुम्ही सगळे फार मोठं मोठं बोलता. मी आपली घरातली मराठी सांगते.

‘अज्ञान’ हा शब्द आम्ही स्वतःपुरताच वापरतो. ‘माझं अज्ञान दूर करा’ म्हणतो, ते सुद्धा समोरच्याला टोमणा मारायचा असेल तेव्हा. दुसऱ्याला कोणी ‘तुझं अज्ञान’ म्हणत नाही, ‘काय तुझं अगाध ज्ञान!’ असं म्हणतो. त्याचा अर्थ तोच. लहान पोराला अजाण. ‘अजाण लेकरू आहे, जाऊ दे.’ यात माया आहे. अडाणीत माया नाही. ठार अडाणी म्हटलं की भांडण. आमच्या सासूबाई अंगठा उठवत, पण त्यांना कोणी अडाणी म्हणायची छाती नव्हती. पंचांग त्यांच्या तोंडात आणि कोणत्या नातेवाइकानं किती पैसे बुडवले ते बोटांवर. त्या निरक्षर होत्या, अडाणी नव्हत्या. अडाणी म्हणजे ज्याला कसं वागावं ते कळत नाही तो. तो बीए झालेला पण असतो.

मग मुद्दाम नाही म्हणायचं असेल तर कानावर हात. येड पांघरून पेडगावला जाणारे वेगळे. कानावर हात ठेवणारा म्हणतो, मला माहीत नाही. पेडगावला जाणारा म्हणतो, मला कळतच नाही. आमच्या सोसायटीत मेंटेनन्सची वर्गणी मागायला गेलं की दोन्ही प्रकारचे भेटतात.

आणि बडोद्याच्या मराठीत आपण ‘मला खबर नाही’ म्हणतो, हे पुण्याच्या सुनेला कळलंच नव्हतं. मी म्हणाले, दूधवाला आला का मला खबर नाही. ती म्हणाली, आई, दूधवाल्याची कसली खबर यायची होती?


चौथा_तास

मावशी, अंगठा उठवणारी सासू आणि बीए झालेला अडाणी, हे मी उद्या वर्गात सांगणार.


मृणाल_मांजलपूर

मावशी, माझ्या मुलाला शाळेत ‘खबर नाही’ वरूनच बोलले होते. आता त्याला तुमचं उदाहरण सांगते.

वकीलकाका, अर्ज भरला. पण एक विचारायचं राहिलं. ‘कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ असं म्हणतात, ते अज्ञान कोणतं?


वकीलकाका_रावपुरा

ते साधं, माहीत नसणे. पण लोक हे वाक्य चुकीचं वापरतात. ‘प्रत्येकाला कायदा माहीत असतो असं गृहीत धरलंय’ असं म्हणतात. तसं कोणी गृहीत धरलेलं नाही. १९७९ मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की प्रत्येकाला कायदा ठाऊक आहे असं कोणतंही गृहीतक कायद्यात नाही. सांगणं एवढंच, की माहीत नव्हतं म्हणून सुटका मागू नका. दोन्हींत फरक आहे. पहिलं खोटं आहे. एवढे कायदे मलाही माहीत नाहीत. दुसरं कडक आहे, पण ते नसेल तर जो तो कानावर हात ठेवेल, मावशी म्हणतात तसं.

वस्तुस्थितीबद्दलचा गैरसमज मात्र चालतो. दंडसंहितेची कलमं ७६ आणि ७९ त्यासाठी होती. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ती १४ आणि १७ झाली. समोर खून होतोय असं सद्हेतूनं वाटून तुम्ही एखाद्याला पकडून पोलिसांत दिलंत आणि नंतर कळलं की तो स्वतःचा जीव वाचवत होता, तर तुम्ही गुन्हेगार नाही. नर्मदातीर, तुमची दोरी आणि साप कायद्याला मान्य आहेत. फक्त साप दिसला हे प्रामाणिकपणे दिसायला हवं, आणि जरा नीट बघितलंही असायला हवं.


नर्मदातीर

हे आवडले.


चरोतरी_मराठा

पहिल्यांदाच लिहितोय. आणंदजवळ राहतो, वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. चरोतरात तंबाखूवर घरं उभी राहिलेली आहेत, आमचंही.

वर आवरण आणि विक्षेप वाचून राहवलं नाही, कारण हे कोणीतरी धंदा म्हणून केलेलं आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे निष्कर्ष १९५० मध्ये छापून आले. १९६४ मध्ये अमेरिकी सरकारचा अहवाल आला. म्हणजे ज्ञान होतं, छापलेलं होतं. तेव्हा अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी खोटं सिद्ध करायचा खटाटोप सोडला आणि शंका पेरायला घेतली. १९६९ च्या ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात सरळ लिहिलंय, की शंका हेच आपलं उत्पादन. पुढं खटल्यांत ही कागदपत्रं बाहेर आली. रॉबर्ट प्रॉक्टर नावाच्या इतिहासकारानं यावर आयुष्य घातलं; अज्ञान तयार कसं होतं याच्या अभ्यासाला इंग्रजीत ‘अ‍ॅग्नॉटॉलॉजी’ असा शब्दच आला.

तेव्हा इग्नोरन्सला मराठी शब्द शोधताना हा प्रकार कुठं बसवायचा? हे माहीत नसणं नाही, अडाणीपणा नाही, दुर्लक्षही नाही. हे पिकवलेलं आहे. पेरणाऱ्याला सगळं माहीत असतं, कापणाऱ्याला नसतं.


असूडवाचक

जबरदस्त. जोतीरावांच्या काळी खत वाचता येत नव्हतं. इथं अहवाल वाचता येतो, तरी ‘अजून नक्की नाही’ एवढंच डोक्यात राहतं. निरक्षराला फसवायला खोटं खत लागायचं. साक्षराला फसवायला फक्त दुसरा अहवाल लागतो.

नर्मदातीरकाका, उरलेला अर्धा तुम्हाला.


कमाटीबाग_कट्टा

दादा, एक विचारू? तुमच्याकडच्या लोकांना स्वतःला माहीत होतं का? शेतात काम करणाऱ्यांना?


चरोतरी_मराठा

ओलं पान खुडताना मजुरांना मळमळायचं, चक्कर यायची, ओकाऱ्या व्हायच्या. निकोटीन कातडीतून आत जातं, ओल्या पानानं जास्त. हे शब्द तेव्हा कोणाकडे नव्हते, पण तंबाखू ‘चडते’ हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी दव असताना नव्या बाईला पुढं घालत नसत. खळ्यावर वडील स्वतः तोंडाला फडकं बांधून उभे राहात. घरात कोणाला तंबाखू खायची परवानगी नव्हती, आणि का नव्हती हे कधी कोणी बोललं नाही. तेव्हा माहीत होतं की नव्हतं, याचं उत्तर मला देता येत नाही.


मावशी_दांडियाबाजार

याला डोळेझाक म्हणतात बाळा. ती परक्यापेक्षा घरात जास्त होते. रागावून नाही सांगत.


चरोतरी_मराठा

मावशी, बरोबर आहे.


चौथा_तास

मुलांच्या निबंधात ‘अज्ञानात सुख असतं’ हे हमखास येतं, इंग्रजी म्हणीचं भाषांतर. मूळ ओळ थॉमस ग्रे या कवीची, अठराव्या शतकातली. तो शाळेतल्या खेळणाऱ्या पोरांबद्दल बोलतोय, आणि ‘जिथं अज्ञानात सुख असेल तिथं’ अशी अट घालतोय. लोकांनी अट गाळली आणि नियम केला. खळ्यावरच्या बाईला ते सुख कुठलं?


वकीलकाका_रावपुरा

डोळेझाकीवरून सांगतो. कोर्टात तिचा वेगळा हिशोब होतो. ज्याला शंका आली, चौकशी करणं हातात होतं, आणि उत्तर नको म्हणून त्यानं विचारलंच नाही, त्याला पुष्कळदा माहीत होतं असंच धरलं जातं. चोरीचा माल घेणाऱ्यांच्या खटल्यांत हे नेहमी येतं. सोनं निम्म्या भावात मिळतंय आणि विकणारा पावती देत नाही, तर ‘मला काय ठाऊक’ चालत नाही.

पण व्यापारी, मजूर आणि कंपनी यांना एकाच तागडीत घालू नका. माहिती कोणाकडे किती होती आणि नाही म्हणायची सोय कोणाला होती, ते वेगवेगळं बघावं लागतं. चरोतरी, तुम्ही या विषयावर स्वतंत्र धागा काढा. इथं फार लिहिलं तर मृणालचा धागा पळवल्यासारखं होईल.


मृणाल_मांजलपूर

पळवा की काका. माझी दोन्ही कामं झाली. दादा, खरंच काढा, लिंक इथं टाका.